डवऱ्याचा दौरा

सोनाळ्यासकट अकरा गावांच्या पंचायतींत अकरा रेडिओ होते. त्यांतले चार चालत होते. पाचांच्या बॅटऱ्या संपलेल्या, एकाची एरियल माकडांनी तोडलेली, आणि एक सरपंचांच्या घरी लग्नाला गेला तो परतलाच नव्हता. १९७० च्या मे महिन्यात प्रक्षेपण केंद्र आणि आमचे विद्यापीठ यांच्यात ठरले, की रेडिओ आम्ही दुरुस्त करायचे, शेतकऱ्यांचे बोलणे टेपवर घेऊन पाठवायचे, आणि केंद्राने ते बुधवारी संध्याकाळी लावायचे. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. दोन्ही कामे माझ्याकडे आली. जूनअखेर अकराही रेडिओ बोलू लागले.

पहिले बोलणे सोनाळ्याच्या गोजरबाईंचे. नवरा गेल्यापासून बारा एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या स्वतः पाहत. त्यांनी सांगितले होते, "पेरल्यावर अठराव्या दिवशी डवरा झालाच पायजे." डवरा म्हणजे दोन ओळींमधले तण काढायचे, बैलांनी ओढायचे अवजार. वऱ्हाडात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

केंद्राने टेप लावलीच नाही. निवेदकाने ती ऐकून 'शुद्ध' करून लिहिली आणि स्वतःच्या आवाजात वाचली : सोनाळ्याच्या गोजरबाई म्हणतात, पेरणीनंतर अठराव्या दिवशी दौरा व्हायलाच हवा.

त्याच आठवड्यात मी अकरा गावे फिरून ऐकणाऱ्यांना विचारले, कोणते काम सांगितले आणि कितव्या दिवशी? एकशे बत्तीसपैकी सतरा जणांनी बरोबर सांगितले. दोन गावांत पंचायतीने साहेबांसाठी खुर्च्या काढून ठेवल्या होत्या.

गोजरबाई माझ्याकडे बघेनात.

"मी डवरा म्हटलं, त्यानं दौरा केला," त्या शेवटी म्हणाल्या. "पाण्याले गेली त बाया पुसते, गोजरबाई, साहेब कधी येते, बुंदी पाडाव का? चाळीस वर्षं वावरात गेले माहे. आता मी नाही बोलत, बाई."

मी टेप घेऊन केंद्रावर गेले. कार्यक्रम अधिकारी सौम्यपणे समजावू लागले, की श्रोते राज्यभर असतात, गावंढळ उच्चार कानाला बरे वाटत नाहीत, आणि 'डवरा' हा निवेदकाला बाईंच्या उच्चाराचा दोष वाटला. टेपच्या डब्यावर गोजरबाईंचे नाव, गाव आणि माझा पत्ता होता. एक पोस्टकार्ड पुरले असते.

"विचारलं का नाही?" मी म्हणाले.

"अहो, अशा गोष्टी कुणाला विचारणार?"

ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांनाच विचारायचे नाही, आणि चूक मात्र त्यांच्याच नावावर खपवायची! मी सांगितले, की पुढची टेप जशीच्या तशी लागणार नसेल तर विद्यापीठाकडून एकही टेप येणार नाही, आणि कारण मी लेखी देईन. त्यांनी एका बुधवारपुरते कबूल केले.

गोजरबाईंना तयार करायला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी अट घातली, की टेप आधी त्यांना ऐकवायची आणि त्यातला शब्द कोणी काढायचा नाही. मग डवऱ्याच्या दुसऱ्या फेरीबद्दल त्या चार मिनिटे बोलल्या. अडखळल्या तेही तसेच ठेवले. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हाव, हा माहाच आवाज हाय. धाडा."

बुधवारी टेप लागली. आठवडाभरात मी त्याच अकरा गावांत तेच दोन प्रश्न विचारले. एकशे एक्केचाळीसपैकी एकशे चौतीस उत्तरे बरोबर आली.