वरणात उतरलेला मी

मित्रांनो, मी एक जुना धातू आहे. माझं नाव पोटॅशियम. आपली कहाणी सांगणारे मोठेपणापासून सुरुवात करतात. मला मात्र माझी लाज सांगायची आहे. ती नीट कळावी म्हणून आधी थोडी ओळख करून देतो.

मी दिसायला चांदीसारखा, पण इतका मऊ की साध्या सुरीने कापला जातो. स्वभाव भारी तापट. पाणी लागलं की जांभळ्या ज्योतीने पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत मला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. मोकळा असा मी निसर्गात कुठेच सापडत नाही. मातीत, चुलीच्या राखेत, केळ्यात, बटाट्यात, पालकात मी क्षार होऊन राहतो. तिथे माझा सगळा ताप उतरलेला असतो आणि पाण्यात मी गुपचूप विरघळून जातो. तुमच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मी लागतो. याचा मला फार तोरा होता.

रायपूरच्या समता कॉलनीत अनंतराव राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, थट्टेखोर. त्यांच्या किडन्या थकल्या होत्या. अंगातलं माझं जास्तीचं प्रमाण किडन्याच बाहेर टाकतात, आणि त्यांना ते झेपेना. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, इंदूताईंना बजावलं होतं : भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी काढून टाका, मग फोडणी द्या.

इंदूताईंनी ते तंतोतंत केलं. फक्त शेवटी पाणी मोरीत ओतताना त्यांचा हात अडला. त्यांच्या घरात अन्नाचं पाणी कधी कोणी फेकलं नव्हतं. भाजीचं सगळं सत्त्व त्यातच असतं, असं त्या माहेरी शिकल्या होत्या. म्हणून त्यांनी ते वरणात घातलं. तेही आजारी माणसाला ताकद यावी म्हणून खास अनंतरावांच्या वाटीत, दोन्ही वेळा.

मित्रांनो, त्या पाण्यात मी होतो. तीन आठवडे रोज मी त्या वाटीत उतरलो. त्यांच्या रक्तात माझी गर्दी होत होती आणि मला थांबता येत नव्हतं.

एका सकाळी अनंतराव खुर्चीतून उठेनात. पायांत जीव नव्हता, नाडी मंदावली होती. नात निधी शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. ज्या हृदयाला चालवण्याचा मला तोरा होता, तेच मी बंद पाडायला निघालो होतो. डॉक्टरांनी भराभर इंजेक्शनं दिली, मग डायलिसिस केलं. संध्याकाळी धोका टळला तेव्हा त्यांनी इंदूताईंना विचारलं, "माताजी, सब्जी उबालने के बाद पानी का क्या करती हैं?"

"वरणात टाकते जी. सत्त्व असते न त्यात."

"आजी! फेंकने बोला था ना!" निधी ओरडलीच.

"अन्नाचं पाणी फेकाले हात होत नाही माहा," इंदूताई पुटपुटल्या. मग त्यांना सगळं उमगलं आणि त्यांनी पदर तोंडावर धरला. "मीच पाजलं वो माय, माह्याच हातानं."

ती लाज त्यांची नव्हती, माझी होती. पण मला तोंड नाही. पाणी फेका एवढं सगळ्यांनी सांगितलं होतं, का फेकायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

अनंतराव आता घरी आहेत. इंदूताईंनी पंधरा दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. काल त्या उकळलेलं पाणी निववून अंगणात घेऊन निघाल्या, तेव्हा खाटेवरून आवाज आला, "काहून वो इंदू, आज माह्या वरणाची ताकद कुठं घेऊन चालली?"

इंदूताई आधी रडल्या आणि मग हसल्या. "जास्वंदीले," त्या म्हणाल्या. "तिच्या किडन्या चांगल्या आहेत."

मित्रांनो, आजारी माणसाचं पथ्य सांगाल तेव्हा त्यामागचं कारणही सांगा. प्रेमाने वाढणाऱ्या हाताला ते ठाऊक असायलाच हवं. मी त्या पातेल्यात होतो. जास्वंदीच्या मुळाशी ओतला गेलो आणि मुकाट्याने मातीत शिरलो. खाटेवर अनंतराव अजून हसत होते.