पाचवी खाच

माझा राग कायम नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मात्र तो सासऱ्यांच्या नाकावर होता.

"हे काय आहे?" मोटारसायकलवर मागच्या पेटीखाली बांधलेल्या पोत्याला बोट लावत त्यांनी विचारलं.

"वाळू. दहा किलो."

दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचं माझं काम. गाडी नवऱ्याची. तो जाऊन दीड वर्ष झालं. तो चांगला धिप्पाड, नव्वद किलोचा. मी ओल्या कपड्यांनिशी उभी राहिले तरी पन्नास भरत नाही. वळणावर खड्डा आला की मागचं चाक उडायचं आणि बाहेर सरकायचं. गेल्या महिन्यात अशीच पडले. नळ्या फुटल्या, अकरा जणांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. साहेब म्हणाले, अजून एकदा असं झालं तर घरी बसा. आणि घर चालतं माझ्याच पगारावर. तेव्हापासून प्रत्येक वळण जीव मुठीत धरून घेत होते. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "ताई, तुमचं वजन कमी पडतंय." म्हणून वाळू. डोकं चालवलं, दुसरं काय.

"तीस वर्षं गॅरेजात घालवली मी," सासरे म्हणाले. "घरात मेकॅनिक बसलाय आणि सून वाळू वाहतेय. मला का नाही सांगितलंस?"

काय सांगणार? मागच्या दोन्ही स्प्रिंगा त्यांनीच मुलाच्या वजनाला म्हणून सगळ्यात कडक, पाचव्या खाचेत बसवल्या होत्या. तो गेल्यावर ते रोज सकाळी गाडी पुसायचे, पण तिथे फडकंसुद्धा हलक्या हातानं फिरवायचे. मी बघत होते ना.

"तुम्ही त्याच्यासाठी लावलं होतंत," मी म्हटलं. "बदला असं कुठल्या तोंडानं सांगू?"

ते आत जाऊन हुकाचा पाना आणि माझी शिवणकामाची टेप घेऊन आले. वाळूचं पोतं सोडवलं.

"पेटी रोजच्यासारखी भर आणि बस. फोटोला बसल्यासारखी नको, रोजची बस."

शेजारीणबाईंना गाडी धरायला लावून त्यांनी चाकाच्या नटापासून सीटखालच्या खुणेपर्यंत माप घेतलं. मी उतरल्यावर पुन्हा घेतलं.

"तू बसल्यावर अर्धा इंचही दबत नाही. स्प्रिंग आहे की खांब? चाक खड्ड्यात उतरणार कसं?"

पाना लावला आणि त्यांचा हात थांबला. मी तोंड फिरवलं. मग कट्ट आवाज आला. चौथी. तिसरी. दुसरी. पलीकडची स्प्रिंगही तेवढीच सैल केली. पुन्हा माप. सव्वा इंच.

"आता जा, पडलीस त्या वळणावर. सावकाश."

गेले. खड्डा आला, चाक आत उतरलं, वर आलं, गाडी बाहेर सरकली नाही. वळण पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. हेल्मेटच्या आत रडत होते, कबूल करते.

परत आले तर सासरे फाटकातच उभे. मी त्यांचे ग्रीसचे हात धरले.

"बाबा, फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले," ते म्हणाले. "तू पडलीस तेव्हाच पाना हातात घ्यायला हवा होता. कुठे चुकतंय ते मला कळत होतं गं. हात होत नव्हता. मुलाची खाच जपत बसलो आणि मुलीला पडू दिलं."

भांडायला मला कधी शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी भांडले नाही, त्यांचे हात तसेच धरून ठेवले.