गायरानातले चारशे मीटर

२०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला भरणार, ही बातमी धर्मापुरीच्या अलीकडच्या वाडीत पोचली तेव्हा तात्याबा मेंढरांना पाणी दाखवून हॉटेलात चहाला टेकला होता. बाकावर बसलेला रामकिसन ती मोबाईलवरून मोठ्यानं वाचत होता. एवढे देश आपल्या दारी येणार, याहून मोठा मान कोणता, असं त्याचं म्हणणं. शेजारी बसलेल्या जीवनला ते पटेना. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर लागतो आणि तिकडं पोहायचे तलाव बांधणार, कशाचा मान, असं तो म्हणाला आणि दोघांची चांगलीच जुंपली. कुणीतरी तात्याबाला विचारलं. त्यानं बशी खाली ठेवली आणि सांगितलं की खेळ तिकडं, आपण इकडं, आपल्याला त्याचं काय.

पण पंधरवड्यात ते त्याच्या दाराशी आलं. शाळेत खेळ शिकवणाऱ्या संगीता मॅडमनी ग्रामसभेत अर्ज दिला, की पोरींना पळायला जागा नाही, गायरानात मैदान करून द्यावं. सरपंच भगवानराव त्या बातमीनं आधीच हरखलेले. देशात एवढं होतंय तर आपल्या वाडीतही काही व्हावं, असं म्हणत त्यांनी ठराव मांडायलाच घेतला. तेव्हा तात्याबा उठला. त्याच्या बापानं त्या गायरानात मेंढरं चारली होती, आता तो चारत होता.

"तुमच्या खेळापायी माझी मेंढरं काहून उपाशी मारता?" तो म्हणाला.

जीवननं त्याची बाजू उचलून धरली आणि ठराव पुढच्या सभेवर गेला. मॅडमनी अर्जाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी तात्याबा मेंढरं घेऊन डांबरी सडकेला लागला होता. उसाचा हंगाम, त्यामुळं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक चाललेले. परमेश्वरची ऋतुजा सडकेच्या कडेनं पळत येत होती. पोरगी आठवीतली. आईबाप कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले, ही आजीपाशी. वळणावर मागची ट्रॉली अशी हेलकावली, की पोरीनं सरळ नालीत उडी घेतली.

तात्याबा काठी टाकून धावला. तिला वर काढलं, फुटलेल्या गुडघ्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. मग तो तिच्यावरच डाफरला.

"ह्या सडकंवर काहून पळतीस गं?"

"मग कुठं पळू, तात्या? रानात समदीकडं ऊस हाय, अन् गायरान तुमचं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आहे तसं तिनं सांगितलं. मग गुडघा झटकत हेही सांगितलं, की २०३० ला ती अठरा वर्षांची होईल. तिथवर जायला मिळेल न मिळेल, पण तोवर पळणं सोडणार नाही. आणि लंगडत का होईना, ती पुन्हा पळत गेली.

तात्याबानं तो दिवस गायरानात काढला, पण मेंढरांकडं त्याचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला आणि मॅडमना, भगवानरावांना घेऊन गायरानाच्या वरच्या अंगाला आला. तिथं निव्वळ मुरूम होता. गवत धरत नव्हतं आणि पावसाळ्यात पाणीही थांबत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्याइतकी ती जमीन कुणी तुडवली नव्हती.

टेप लावून मोजलं तर एका बाजूला जागा कमी पडली. चारशे मीटरचा फेरा बसवायचा तर चांगल्या गवतात वीसेक पावलं आत घुसावं लागत होतं. मॅडमनी टेप गुंडाळायला घेतला. लहान फेऱ्यावर भागवू, म्हणाल्या. तात्याबानं टेपच्या टोकाशी रोवलेली खुंटी उपटली, गवतात वीस पावलं चालत गेला आणि तिथं ती दगडानं ठोकली.

"नऊ वाजल्यावर मेंढरं हितनंच जातील," तो म्हणाला. "त्यांला कुणी हाकलायचं न्हाई."

पुढच्या सभेत ठराव पास झाला आणि भगवानरावांनी ते त्यात जसंच्या तसं लिहून घेतलं. जमीन सपाट करायला जीवन स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला. टँकरचं तेवढं अहमदाबादवाल्यांना विचारा, असं दिवसभर सगळ्यांना ऐकवत त्यानं फळी मारली, पण डिझेलचे पैसे घेतले नाहीत.

संक्रांतीच्या आधी चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा पडल्या. पहिल्या सकाळी अकरा पोरी आल्या. दोन फेरे झाल्यावर ऋतुजानं मॅडमच्या मोबाईलवरून बापाला व्हिडिओ कॉल लावला आणि समोरून परमेश्वरचा उसाच्या फडातला चेहरा दिसला. तिनं फोन तात्याबापुढं धरला. असल्या फोनवर तो कधी बोललेला नव्हता. पटका नीट करून तो जरा मोठ्यानंच म्हणाला,

"परमेश्वरा, पोरगी लई नेटानं पळती. तू तिकडं बिनघोर राहा."