तळ्यातला मेव्हणा

भाऊबीजेची जेवणं उरकली की पलूसच्या आकाराम फौजींच्या टीव्हीवर राक्षस निघायचा. पिक्चर जुना, इंग्रजी. तळ्यातून खवल्याखवल्यांचा राक्षस बाहेर यायचा, गोऱ्या बाईला खांद्यावर टाकायचा आणि पळत सुटायचा. घरात इंग्रजी फक्त फौजींना येई, म्हणजे 'येस सर' आणि 'नो सर' एवढंच.

फौजींच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत गल्लीतल्या झाडून सगळ्या सुनांना माहेरी न्यायला मुऱ्हाळी आले. त्यांच्या बायकोला, चंद्राबाईला, ना सख्खा भाऊ, ना चुलत. ती धुराचं निमित्त करून चुलीपुढं रडत बसली. गोळीला न भिणारे फौजी बायकोच्या रडण्याला भ्यायले. त्यांनी भाड्यानं व्हिडिओ आणला आणि राक्षस दिसताच ठोकून दिलं, "ह्यो मुऱ्हाळी. भनीला न्यायला आलाय."

"मग ती वरडतीया का?"

"सासूला न सांगता निघालीया न्हवं!"

चंद्राबाई खुदकन हसली. तेव्हापासून दर वर्षी हेच. बंदुका म्हणजे फटाके, शेवटी राक्षस बुडतो ते अभ्यंगस्नान. फौजी त्याला मेव्हणाच म्हणत.

यंदा लेक रेश्मा आणि नवे जावई शिवतेज दिवाळसणाला आले. जावयांनी पेनड्राइव्ह काढला. "मामा, त्योच पिक्चर हिंदीत गावलाय. आता समद्यास्नी कळंल."

आता थाप उघडी पडणार हे फौजींना कळलं, पण जावयाला नाही कोण म्हणणार? राक्षसानं बाईला उचललं आणि पडद्यावरचा डॉक्टर बोंबलला, "ये उसे खा जाएगा!"

रेश्मानं बापाकडं पाहिलं, बापानं लाडवाकडं. थाप पकडली गेल्याची फौजींना लाज नव्हती. बायकोचा एकुलता एक भाऊ आपल्या डोळ्यांदेखत गेला, याचंच वाईट वाटत होतं.

चंद्राबाई उठून आत गेली. आली ती ओवाळणीचं ताट घेऊन. कुंकवाचं बोट तिनं टीव्हीला लावलं, पण राक्षस हलला आणि टिळा डॉक्टरच्या नाकावर बसला.

"थांबवा की त्येला!"

जावयांनी गडबडीनं पिक्चर थांबवला. "आवं मामी, त्यो खायला आलाय तिला!"

"सासरची मानसं असंच सांगत्यात," चंद्राबाई म्हणाली. "माझ्या भावाला नावं ठिवायची न्हाईत." तिनं राक्षसाला सावकाश ओवाळलं आणि ताट नवऱ्यापुढं धरलं. "त्येचा हात पोचत न्हाई. त्येच्या वाटची ओवाळणी तुमी घाला."

फौजींनी खिशात हात घातला, पण आधी रुमालच काढावा लागला.