घरी आलेली मेंढी

हरवलेली मेंढी परत आली, पण डिना बर्केटला आनंद झाला नाही. तिचा बाप हयात असताना मेंढी आणणाऱ्यासाठी चहाला आधण ठेवायचा. त्या खोऱ्यात रीतच होती. दुसऱ्याची भरकटलेली मेंढी आपल्या कळपात दिसली, की तिच्या पाठीवरचा रंगाचा पट्टा पाहायचा आणि ज्याची त्याला नेऊन द्यायची, मग ती जातिवंत असो की मरतुकडी. पण हा मार्च २००१ चा होता. इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियाभर लाळ्या खुरकतीची साथ पसरली होती, जनावर हलवायला बंदी होती आणि पलीकडच्या खोऱ्यात साथीपायी मारून जाळलेल्या गुरांचा धूर डिनाच्या स्वयंपाकघरातून दिसत होता.

मेंढी आणली होती जोनास रेल्फने. हा तिच्या बापाचा जुना दोस्त. गाडीत पोत्यांखाली दडवून त्याने ती आणली, तेव्हा डिनाने त्याला फाटकातच झापलं. म्हातारा जागचा हलला नाही.

"दुसऱ्याची मेंढी सत्तर वर्षांत ठेवून घेतली नाही मी. आता घेऊ?"

"चार महिने ठेवली असतीत तर मी काय चोर म्हणणार होते तुम्हाला?"

"तू नाही म्हणणार, पोरी. तुझा बाप म्हणेल, मी वर गेल्यावर."

डिनाने मेंढी घरामागच्या कुरणात सोडली. कुरणाला छातीएवढा दगडी गडगा होता, त्यामुळे डिना निर्धास्त होती.

तिसऱ्या दिवशी जोनासचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येईना. त्याच्या गाईंच्या तोंडात फोड आले होते, सरकारी माणसं गोठ्यात होती.

"मेंढीचं मी कुणाला बोललो नाही," तो म्हणाला. "तूही बोलू नकोस. एकीपायी सगळा कळप मारतील तुझा."

डिनाने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. तिच्या तीनशे मेंढ्या वर उघड्या डोंगरावर होत्या. तिथे ना कुंपण ना गडगा. आपली हद्द कुठे संपते हे मेंढी कोकराला शिकवते, ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला, असं बापाच्या पणज्यापासून चालत आलेलं. कळप एकदा गेला की गेला. बाजारातून आणलेल्या मेंढ्या त्या डोंगरावर आठवडाभरही टिकल्या नसत्या. शिवाय तिच्या हद्दीला लागूनच आणखी तीन शेजाऱ्यांचे कळप चरत होते.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, बाहेरचं एखादं जनावर आलंय का? डिना म्हणाली, नाही. मेंढी आपलीच, मग बाहेरची कशी, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती समजूत संध्याकाळपर्यंतही पुरली नाही.

त्यानंतर ती सकाळ-संध्याकाळ मेंढीचा जबडा उघडून बघायची. जीभ स्वच्छ, हिरड्या स्वच्छ. पाचव्या दिवशी सकाळी ती कुरणात गेली, तर मेंढी नव्हती.

गडग्याच्या तळाशी मेंढी जाईल एवढं भोक होतं. एरवी ते फरशीने बंद असायचं. मार्च लागला की फरशी सरकवायची, म्हणजे हिवाळ्याने थकलेल्या मेंढ्यांना वरच्या वाटेवरून आत येता येतं. डिनाने महिन्याच्या सुरुवातीलाच ती सरकवली होती. चाळीस वर्षांची सवय. हाताने केलं आणि डोक्याला पत्ताही लागला नाही.

डोंगराकडे जाणाऱ्या त्या वाटेने ती धावत सुटली. वाटेच्या दोन्ही अंगांना गडगे होते आणि टोकाला लाकडी फाटक. फाटक लावलेलं असू दे, एवढंच ती पुटपुटत होती.

फाटक लावलेलंच होतं. मेंढी तिथे उभी होती, पुढचा एक पाय उचलून. पलीकडे तिचीच दोन वर्षांची लेक उभी होती. आईचा वास लागून ती खाली आली होती. फळ्यांच्या फटीतून दोघींनी नाकाला नाक लावलं होतं. लेकीच्या मागे आणखी वीस-पंचवीस मेंढ्या हळूहळू खाली उतरत होत्या.

डिनाने मेंढीला मागे ओढलं आणि जबडा उघडला. वरच्या हिरडीवर पांढरा फोड होता. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं, निदान आठवडाभर. तेवढ्यात डोंगरावरचे चारही कळप बाधले असते. तिला बापाची भीती वाटली, जोनाससारखीच. ती मेंढीला ओढत खाली घेऊन आली, तिला गोठ्यात कोंडलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आपण खोटं बोललो, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

बाईंनी सांगितलं, शेजाऱ्यांचे कळप कदाचित वाचतील, पण तुमच्या सगळ्या मेंढ्या उद्या खाली आणाव्या लागतील. हाकायला किती माणसं पाठवू?

"माणसं नकोत," डिना म्हणाली. "मी फाटकातून हाक मारली की येतात."

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. उद्या त्यांनी आपली हाक ऐकू नये, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पण त्या येणार होत्या, हे तिला ठाऊक होतं.