पुढे उभा केलेला डिफेंडर

२०१३च्या सुरुवातीला सिंगापूरच्या बेडोक भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये, अगदी शेजारच्याच फ्लॅटमध्ये, एक माणूस भाड्याने राहायला आला. उंची एवढी की लिफ्टमधून बाहेर पडताना त्याची मान आपोआप वाकायची. वय तिशीच्या आसपास, केस वाळक्या गवतासारखे, आणि चेहऱ्यावर कायम उन्हाने भाजल्याचा लालपणा. हा माणूस करतो काय, ते मला कळेना. न कळलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. बँकेत माझं कामच ते आहे, लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं खरं आहे का ते शोधायचं. "सुनेत्रा, ऑफिसचं ऑफिसात ठेव," असं माझा नवरा निशिकांत नेहमी म्हणतो.

"शिपयार्डमध्ये असेल," त्याने निकाल दिला.

"शिपयार्डमधली माणसं दुपारी झोपतात का?"

"तो दुपारी झोपतो हे तुला कसं माहीत?"

"शनिवारी दुपारी त्याच्या खिडकीला टॉवेल लावलेला असतो. आणि त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांत सगळे गुडघ्यापर्यंतचे मोजेच."

निशिकांतने लॅपटॉपचा आवाज वाढवला.

उत्तर एका रविवारी आपणहून दारात आलं. तेका मार्केटमधून शेपूची जुडी मिळाली होती, ती मुगाची डाळ घालून मी परतत होते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कॉरिडॉरवर उघडते. त्या खिडकीत अचानक ते लाल नाक दिसलं.

"उक्रोप?" त्याने विचारलं.

मला वाटलं, काहीतरी तक्रार आहे. मी ओट्यावरची उरलेली जुडी उचलून दाखवली. त्याने ती नाकाला लावली आणि डोळे मिटले. उक्रोप म्हणजे शेपूच; त्यांच्याकडे बटाट्यावर, काकडीवर, सूपमध्ये, सगळ्यावर हा पाला घालतात. पण एवढ्या शेपूची भाजी करून खाणारं कोणी त्याने पाहिलं नव्हतं. मी वाटीभर भाजी दिली. त्याने ती दारातच उभ्याने संपवली आणि मग हात पुढे करून म्हणाला, "ओस्ताप वेर्बा. फुटबॉल."

तो युक्रेनचा होता. आमच्या भागातल्या क्लबने त्याला एका हंगामासाठी आणलं होतं. त्याचं इंग्रजी तोडकं, माझं बँकेतलं; पण आमचं जमलं. इथे मी ते मराठीत सांगते आहे.

मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. जन्म दोनेत्स्कजवळच्या एका कोळशाच्या खाणीच्या गावातला. खाणीतून काढलेल्या दगडमातीचे डोंगर गावाभोवती होते आणि त्यांच्या पायथ्याशी पोरं खेळायची. बारा वर्षांचा असताना एका प्रशिक्षकाने त्याला शहरातल्या अकादमीत नेलं. पुढे दोन हंगाम देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळला. मग गुडघा गेला. तो बरा होईपर्यंत क्लबच बंद पडला. तिथून कझाकस्तान, तिथून व्हिएतनाम, तिथून बेडोक.

"आणि गोल किती केलेस?"

तो हसायला लागला. "बारा वर्षांत चार. त्यातले दोन आमच्याच गोलमध्ये."

"म्हणजे?"

"मी डिफेंडर आहे, मिसेस सुनेत्रा. माझं काम गोल होऊ न देणं."

पण ते काम इथे त्याच्या वाट्याला येणार नव्हतं. क्लबला मोजकेच परदेशी खेळाडू ठेवता येत आणि परदेशातून माणूस आणायचा तो गोल करायलाच, अशी इथली रीत; डिफेंडर म्हणून आणलेला ओस्ताप अपवाद होता. गोल अडवणारी पोरं बेडोकमध्ये मिळत होती. हंगामाच्या तोंडावर क्लबचा स्ट्रायकर जखमी झाला, तेव्हा कोचने ओस्तापची उंची बघितली आणि त्याला पुढे उभा केला.

मी निशिकांतला ओढून एक सामना बघायला नेलं. त्याला क्रिकेटखेरीज कशात रस नाही. तो सोबत भुईमुगाच्या शेंगा आणि भरपूर नाराजी घेऊन आला. स्टेडियम अर्धं रिकामं होतं. आमच्या मागे काही म्हातारे अंकल बसले होते आणि त्यांचा सगळा रोख ओस्तापवर होता.

"टॉवर क्रेन, गो होम लाह!"

खरं सांगायचं तर ते चुकत नव्हते. बॉल आमच्या बाजूला आला की ओस्ताप मागे धावत सुटायचा. कोच बाहेरून ओरडायचा, मग तो जीभ चावून परत पुढे जायचा. पुन्हा बॉल मागे गेला की पुन्हा तेच. समोरच्या गोलपाशी तर तो चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये भेटला. मी विचारलं, "तुझे पाय मागे का पळतात?"

त्याला राग आला नाही. कठड्याला टेकून तो खालच्या कार पार्ककडे बघत राहिला. "डिफेंडरच्या समोर सगळं मैदान असतं. कोण कुठे आहे, सगळं दिसतं. पुढे उभं राहिलं की गोल पाठीमागे, माणसं पाठीमागे. मला भीती वाटते."

"मग मला एक सांग. तू डिफेंडर असताना तुला सगळ्यात जास्त कोणी छळलं?"

मी ते सहज विचारलं होतं. त्याने मात्र ते मनावर घेतलं.

"एक म्हातारा स्ट्रायकर होता," तो म्हणाला. "जाडा. धावायचाच नाही. वेगाने धावणाऱ्या पोरांना मी कधी घाबरलो नाही, ती दिसतात. हा माझ्या खांद्यामागे नुसता उभा राहायचा. मी बॉलकडे बघावं तर हा दिसत नाही, याच्याकडे बघावं तर बॉल दिसत नाही. पूर्ण सामना मी त्याला शोधत होतो. दोन गोल करून गेला." आणि मग एकदम सरळ उभा राहून म्हणाला, "तो उभा राहायचा!"

"तेच तर तू आत्ता सांगितलंस."

पण तो निघूनही गेला होता.

पुढच्या सामन्याला मी एकटीच जाणार होते. निशिकांतने चप्पल घातली आणि म्हणाला, "बघू तरी, उभं राहून काय होतं." ओस्ताप त्या दिवशी धावला नाही. प्रत्येक वेळी तो डिफेंडरच्या मागच्या खांद्याशी, त्याला दिसणार नाही अशा जागी जाऊन थांबायचा. तो डिफेंडर सारखा मान वळवत होता. दुसऱ्या अर्ध्यात उजवीकडून बॉल आला, डिफेंडरने बॉलकडे बघितलं, आणि तेवढ्यात ओस्तापने एक पाऊल पुढे टाकून पाय लावला. गोल. मागचे अंकल उठून नाचले. निशिकांतच्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या.

त्या हंगामात त्याने आधीच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षा जास्त गोल केले. क्लबने करार वाढवला. अंकल त्याला अजूनही टॉवर क्रेन म्हणायचे, पण आता प्रेमाने.

मग २०१४चा उन्हाळा आला आणि त्याच्या गावाजवळ लढाई सुरू झाली. टीव्हीवर दोनेत्स्कचं नाव रोज यायला लागलं. वडील पूर्वीच गेले होते. गावात त्याची आई, हालिना, एकटी राहत होती. कॉरिडॉरमध्ये, जिथे रेंज चांगली येते तिथे, तो फोन धरून उभा असायचा. ती निघायला तयार नव्हती.

"काय म्हणतात?" मी विचारायचे.

"टोमॅटो पिकायला आलेत म्हणते."

"आणि बॉम्ब?"

"ते लांब पडतात म्हणते."

एके दिवशी ते लांब पडले नाहीत. शेजारच्या इमारतीचा कोपरा गेला, तेव्हा ती एक बॅग घेऊन बसने निघाली, आधी खार्किव, मग कीव. पुढच्या वर्षी, हंगाम सुरू झाल्यावर, ती मुलाकडे सिंगापूरला आली.

हालिनाबाई ठेंगण्या होत्या. एवढा उंच मुलगा यांना झाला कसा, हा मला पहिला प्रश्न पडला. आमच्यात एकही भाषा सामाईक नव्हती. त्यांना माझ्या कुंड्यांमधली मिरची आवडली नाही. म्हणजे लावण्याची पद्धत आवडली नाही, हे त्यांनी स्वतः ती उपटून पुन्हा लावून सांगितलं. फ्लॅटमध्ये बसून त्यांना कंटाळा यायचा, म्हणून मी त्यांना मार्केटला नेत असे. ड्यूरियन फळाचा उग्र वास आला की त्या रस्ता ओलांडायच्या.

एका गोष्टीचं मात्र मला कोडं पडलं होतं. त्या येऊन महिना होत आला, तरी ओस्तापने त्यांना सामन्याला नेलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, गर्मी फार आहे, दमतील. शेवटी हालिनाबाईंनीच माझ्या खिडकीत येऊन हवेत लाथ मारली आणि स्टेडियमच्या दिशेने बोट दाखवलं. मी ओस्तापला विचारलंच नाही. निशिकांत, मी आणि त्या, असे आम्ही तिघे जाऊन बसलो.

त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. खेळ सुरू झाला आणि त्या आपल्या बाजूच्या गोलपाशी मुलाला शोधायला लागल्या. तो सापडेना. मी त्यांचा हात धरून पुढे, पार दुसऱ्या टोकाला दाखवलं. त्यांनी बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा तिकडे बघितलं. मग मागची मोकळी जागा दाखवून मला काहीतरी बराच वेळ विचारत राहिल्या. मी नुसती मान हलवत होते.

तेव्हा मला कळलं की त्याने आईला सांगितलेलंच नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात ओस्तापने गोल केला, नेहमीचा, उभ्या उभ्या. स्टँड गर्जलं. अंकलनी हालिनाबाईंशी हात मिळवले, कोणीतरी त्यांना उसाचा रस आणून दिला. त्या रस प्यायल्या, पण टाळी वाजवली नाही.

सामना संपत आला तेव्हा समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. उंच म्हणून ओस्ताप मागे आला होता. गोलकीपर पुढे धावला, चुकला, आणि बॉल रिकाम्या गोलकडे निघाला. ओस्तापने मागचापुढचा विचार न करता अंग झोकून दिलं. बॉल त्याच्या डोक्याला लागून बाहेर गेला आणि तो स्वतः खांद्याने गोलच्या खांबावर आदळला. शेजारी बघते तर हालिनाबाई खुर्चीवर चढून उभ्या, पर्स खाली पडलेली, आणि त्या खणखणीत आवाजात ओरडत होत्या. अंकल दचकून गप्प झाले.

आमचा क्लब जिंकला. आम्ही गेटपाशी थांबलो. ओस्ताप खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून बाहेर आला आणि आईला बघून जागच्या जागी उभा राहिला. त्या बोलायला लागल्या. तो खाली बघत ऐकत होता. त्याचे कान लाल झाले. मग तो काहीतरी थोडंसंच बोलला. त्यांनी हात उंच करून त्याच्या मानेवर ठेवला.

मला राहवेना. "काय म्हणाल्या?"

"सुनेत्रा!" निशिकांत म्हणाला.

"असू दे," ओस्ताप म्हणाला. "आई म्हणते, तो गोल कोणीही केला असता. शेवटचा बॉल माझा होता. माझे वडील खाणीत छताला लाकडी टेकू लावायचे. छत खाली येऊ नये, एवढंच त्यांचं काम. मी डिफेंडर झालो तेव्हा घरात सगळ्यांना ते बरोबर वाटलं होतं. तिने विचारलं, फोनवर दोन वर्षं खोटं का सांगितलंस, की मी मागेच खेळतो म्हणून?"

"आणि तू?"

त्याने बर्फाची पिशवी सरकवली. "पहिल्यांदा लाजेने नाही सांगितलं. मग लढाई सुरू झाली. तिच्याकडे सगळंच जागेवरून हललं होतं. म्हटलं, निदान मी माझ्या जागेवर आहे असं तरी तिला वाटू दे."

आम्ही चौघे चालत घरी आलो. वाटेत खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरपाशी हालिनाबाईंनी मुलाला थांबवून त्याच्या बुटाची नाडी दाखवली, आणि त्याला वाकता येईना म्हणून निशिकांतने ती बांधली.

ओस्तापने मग कोचला जाऊन सांगितलं की मला माझ्या जागेवर खेळव. कोचने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. त्याला गोल हवे होते. ओस्तापने तो हंगाम पुढे उभं राहून नीट पुरा केला. शेवटच्या सामन्यात, दोन डिफेंडर जखमी असल्यामुळे, त्याला अर्धा तास मागे खेळायला मिळालं. मी फुटबॉलमधली जाणकार नाही, पण त्या अर्ध्या तासात तो माणूस वेगळाच दिसत होता. तो कोणाला हाताने इकडे सरकवत होता, कोणाला ओरडून मागे बोलावत होता, आणि अख्खं मैदान त्याच्या समोर होतं. एकही गोल झाला नाही. त्यानंतर करार संपला आणि क्लबने तो वाढवला नाही.

मायलेक पोल्तावाला गेले, हालिनाबाईंच्या बहिणीकडे. गावी परतणं शक्य नव्हतं. ओस्ताप आता तिथल्या एका शाळेत फुटबॉल शिकवतो. त्याच्याकडे येणाऱ्या मुलांतली कितीतरी त्याच्याच भागातून घर सोडून आलेली आहेत. प्रत्येकाला तो आधी डिफेंडर करतो आणि मग स्ट्रायकर, म्हणजे दोन्हीकडची भीती कळते, असं त्याचं म्हणणं.

गेल्या जानेवारीत, २०१७ साली, मी त्याला विचारलं, बर्फ पडल्यावर मैदानाच्या रेषा कशा आखता? पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार? उत्तरादाखल त्याने एक व्हिडिओ पाठवला. ऑफिसातून परतताना एमआरटीच्या गाडीत निशिकांत आणि मी एकच इयरफोन दोघांत वाटून तो बघत होतो. विटांचा भुगा बादलीत घेऊन ओस्ताप बर्फातून उलटा चालत होता, आणि त्याच्या पावलांपुढे एक लाल रेघ उमटत होती. ती जरा वाकडीच जात होती. "सरळ धर, अरे, सरळ!" निशिकांत मोठ्याने म्हणाला. डब्यातल्या लोकांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही वर बघितलं तेव्हा आमचं बेडोक स्टेशन मागे गेलं होतं आणि गाडी पुढच्या तानाह मेराहला लागत होती.