पेन्याल्ताच्या मुंगसांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर बसून कुणी पाढे घोकले नाहीत. पोर्तो रिकोच्या डोंगरात पेन्याल्ता नावाचं गाव आहे. तिथल्या बास्केटबॉलच्या मैदानाकडेला माझा सारा जन्म गेला.

एका वादळात चर्चमागचं महोगनीचं झाड उन्मळून पडलं. चेओ सुताराने त्याच्या खोडातून मला घडवलं. रंधा मारून झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि बायकोला म्हणाला, "आता मला जेवायलासुद्धा उठवू नकोस." अख्खा संघ शेजारी शेजारी बसेल एवढा मी लांब होतो.

आमच्या संघाला सगळे 'मुंगसं' म्हणत. सुरुवातीची वर्षं सोन्याची होती. रविवारी दुपारी गाव लोटायचं, डफ घुमायचे, दाराशी तळलेल्या केळ्यांचा वास सुटायचा. मग जुने खेळाडू थकले, नवे कुणी घडवले नाहीत आणि संघ ढेपाळला. लागोपाठ दोन हंगाम आम्ही सगळ्यांच्या तळाशी राहिलो. रिकाम्या मैदानात कबुतरं माझ्यावर घाण करत आणि पुसायला कुणी येत नसे. एका उन्हाळ्यात तर रंगाऱ्यांनी माझ्यावर चुन्याची पोती रचली. मित्रांनो, ओझ्याचं मला दुःख नाही, माझा जन्मच त्यासाठी. पण मी कशासाठी आहे हेच लोक विसरले, ते लागलं.

अशात स्पर्धेच्या मंडळाने बजावलं, की आणखी एक हंगाम असा गेला तर पेन्याल्ताची जागा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावाला देऊ. क्लबचे अध्यक्ष पेयीन, ज्यांना सगळे मानाने 'डॉन पेयीन' म्हणत, घाबरले. पुरुषांपैकी कुणी ही जबाबदारी अंगावर घेईना, तेव्हा त्यांनी ती नेरेइडा आरोयोला दिली. ही बाई कित्येक वर्षं गावातल्या मुलींचा संघ सांभाळत होती.

नेरेइडाबाईंनी पहिलं काम केलं ते ऐकून गाव पेटलं. त्यांनी तावोला दुसऱ्या संघाकडे सोडलं. तावो विय्याफान्ये म्हणजे आमचा हिरा, सर्वांत जास्त गुण त्याचेच. बेकरीवाल्याने बाईंना तोंडावर विचारलं, "काय हो, राजा देऊन प्यादी आणलीत?"

"राजाच्या हातात चेंडू गेला की परत येत नव्हता," बाई म्हणाल्या. "तो पाव द्या, भाजलेला बघून."

तावोच्या बदल्यात आले तिघे. किके, ठेंगणा आणि वाऱ्यासारखा. ओब्दुलिओ, दारातून वाकून येणारा आणि लाजेने बोलता न येणारा. आणि वितो सिंत्रोन, ज्याचे गुडघे सामन्यानंतर बर्फात ठेवावे लागत. प्रशिक्षक म्हणून बाईंनी एफ्रेन लुगोला आणलं. त्याला याआधी दोन संघांनी घरी पाठवलं होतं.

एफ्रेन आला तो थेट माझ्याकडे. खिशातल्या रुमालाने त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. मग खेळाडूंना म्हणाला, "इथं बसणं ही शिक्षा नाही. इथून मैदान जितकं दिसतं तितकं आत पळताना दिसत नाही. जो बाहेर येईल त्याला सगळ्यांनी उभं राहून जागा द्यायची. आणि जो बसेल त्याला मी विचारणार, काय दिसलं?"

"आणि झोप दिसली तर, कोच?" वितोने विचारलं.

"तर तुझ्या गुडघ्यांवरचा बर्फ तुझ्या मानेत घालीन."

सगळे हसले. ओब्दुलिओसुद्धा हसला.

पण हसून सामने जिंकता येत नाहीत. पहिले चारही सामने आम्ही हरलो. चौथ्याला तर आमचेच लोक "तावो! तावो!" म्हणून ओरडत होते. कुणीतरी फेकलेला केळ्याचा तुकडा एफ्रेनच्या पाठीवर बसला. तो वळला नाही.

लोक पांगल्यावर डॉन पेयीन आणि नेरेइडाबाई माझ्यासमोर उभे राहिले.

"झालं तेवढं पुरे, नेरेइडा. उद्या एफ्रेनला निरोप दे."

"का?"

"का म्हणजे? चार हरलो! लोक मला रस्त्यात अडवतात गं!"

"पहिल्या सामन्यात किती वाईट हरलो आणि आज किती थोडक्यात, ते पाहिलंत का?"

"हरणं ते हरणं."

बाईंनी आवाज चढवला नाही. "डॉन पेयीन, माणसं मी निवडली, तावोला मी सोडलं, एफ्रेनला मी आणलं. भिंत वाकडी वाटत असेल तर गवंड्याला हाकलू नका, आराखडा माझा आहे. आधी मला काढा."

अध्यक्षांनी टोपी काढली, परत घातली आणि ते निघून गेले. एफ्रेन खांबामागे चेंडू गोळा करत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो येऊन माझ्या दुसऱ्या टोकाला बसला.

"नेरेइडा, माझ्यासाठी एवढी पैज कुणी लावली नव्हती."

"पैज नाही लावली. काम दिलंय. पाचवा सामना जिंक."

पाचवा आम्ही जिंकलो. सहावाही जिंकला. गंमत अशी, की कोण जिंकवत होतं ते कुणाला बोट दाखवून सांगता येईना. चेंडू या हातातून त्या हातात फिरायचा आणि ज्याला मोकळी जागा मिळेल तो बास्केट करायचा. माझ्यावर बसणारे जागेवरून ओरडून सांगायचे, "किके, पाठीमागे!" लोक हळूहळू परत आले. त्यांच्याबरोबर डफही आले.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानात होता आणि समोर होता तावोचा नवा संघ. जिंकलो तर बाद फेरी आणि गावाची जागा शाबूत, हरलो तर सगळं संपलं. शेवटचं अर्धं मिनिट उरलं असताना वितोचा गुडघा मुरगळला. दोघांनी त्याला उचलून आणलं, तेव्हा सगळे उभे राहिले. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे होता.

एफ्रेनने माझ्यावर नजर फिरवली. "ओब्दुलिओ, काय दिसलं?"

ओब्दुलिओने मैदानाकडे बोट केलं. "तावो दमला की उजवीकडूनच घुसतो, कोच. मान खाली घालून. समोर कोण आहे बघत नाही."

"मग तू तिथं उभा राहा."

"फक्त उभा?"

"फक्त उभा. हलू नकोस."

तावो आला, मान खाली घालून, उजवीकडून. ओब्दुलिओ खांबासारखा उभा होता. तावो त्याच्या छातीवर आदळला आणि दोघेही कोसळले. शिट्टी वाजली. चूक तावोची, चेंडू आमचा! किकेने तो घेतला, तिघांमधून वाट काढली आणि कड्यात टाकला. मग वेळ संपल्याचा भोंगा वाजला. मी लाकूड आहे मित्रांनो, पण त्या गर्जनेने माझे सांधे हलले.

ओब्दुलिओला उठवायला पहिला हात तावोने दिला. "भिंत कुठली!" तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग डॉन पेयीननी ध्वनिक्षेपक घेतला. संतांचे आभार मानले, महापौरांचे मानले, खेळाडूंचे मानले आणि "मी पहिल्यापासून सांगत होतो" असंही म्हणाले. वितो एका पायावर लंगडत पुढे गेला.

"डॉन पेयीन, दोन नावं राहिली."

"कुणाची रे?"

"जिच्या निवडीला गाव हसलं तिचं. आणि ज्याला तुम्ही चौथ्या सामन्यानंतर घालवणार होतात त्याचं."

मग बेकरीवाला उठला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याच्यामागे गाव उठलं. एफ्रेन मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसला, ती सुटलेली नव्हती. नेरेइडाबाईंनी त्याला कोपराने ढोसलं, "ऊठ की. आता बसायचं नाही."

बाद फेरीत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. पण गावाची जागा राहिली.

आता तिथं गादीच्या खुर्च्या आल्या आहेत. मी बाहेर गुलमोहराखाली असतो. पावसाळी दमटपणा माझ्या पायांत चढतो, पॉलिश उडालं आहे. तरी मी मजबूत आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर वर्षातून एकदा तरी हात फिरवा. आणि माणसांवरही. जिंकलेल्यांना खांद्यावर घ्याल तेव्हा त्यांना कुणी निवडलं, कुणी घडवलं, हेही विचारा. पेन्याल्ताचा संघ उद्या पुन्हा हरेल. तुमचाही कधीतरी हरेल. त्या दिवशी उठून घरी जाऊ नका. आत जागा नसेल तर बाहेर या, मी आहे.